सर्वानुमते

'सर्वानुमते' हा शब्द मी स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिला. शाई माझी, अक्षर माझं. म्हणून दोस्तहो, हा लेख दुसऱ्या कुणावर नाही, आधी माझ्यावर आहे.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचन विहारातल्या कपाटातलं. मला लिहिता येतं म्हणून वस्तीने बैठकीचं रजिस्टर माझ्याकडे दिलं. दलित वस्ती सुधारचा निधी येणार होता, पुढल्या पाच वर्षांचा आराखडा करायचा होता. आमच्या बौद्धवाड्यात पुढारी चार. चौघांचे गट चार, पाट्या चार, आणि चौघांच्याही पाटीवर फोटो एकच. ते एका जागी बसले हीच त्या रात्रीची मोठी बातमी. आम्ही पोरं त्यातच खूश.

पुढारी खुर्चीवर, लोक सतरंजीवर. ठराव वाचला गेला. वस्तीच्या तोंडाला बाबासाहेबांच्या नावाची कमान. मंजूर? टाळ्या. मंजूर. मी लिहिलं, सर्वानुमते.

सकाळी तिसरी पाळी सुटून येताना नळावर खालच्या ओळीतली म्हातारी भेटली. ओळीतली सगळी तिला आत्या म्हणतात. पावसाळ्यात गटाराचं पाणी पहिल्यांदा तिच्या चुलीत शिरतं. मी म्हणालो, "आत्या, तू राती बैठकीत व्हतीस की. बोलली का न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?"

"इचारलं की. मंजूर का म्हनून."

"बाबासायबाच्या नावाला मी न्हाई म्हनू व्हय? जीभ झडंल माझी."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बॉबिनसारखा फिरतो आहे. गप्प बसणं म्हणजे होकार असतो का?

आपल्याच परंपरेत याचं एक उत्तर आहे आणि ते अडचणीचं आहे. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की सभेचे नियम या देशाला नवे नाहीत. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं भिक्षुसंघाला ठाऊक होतं. मी विनयाबद्दल जे मिळालं ते वाचलं. मोठ्या कामात आधी ज्ञप्ती मांडायची. मग तीनदा पुकारायचं, ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं. म्हणजे संघातही मौन हाच होकार! हे वाचून मी क्षणभर सुटल्यासारखा झालो. मग माझं रजिस्टर बरोबरच की.

पण नाही. तिथे तीनदा पुकारत होते, आम्ही एकदा आणि तेही टाळ्यांच्या आवाजात. वाद मिटला नाही तर शलाका वाटून मतं मोजत. आजारी भिक्षूला येता आलं नाही तर तो दुसऱ्याबरोबर आपला होकार पाठवी, त्याला छंद म्हणत. म्हणजे न आलेला माणूसही हिशेबात होता. आमच्या दुसऱ्या पाळीची माणसं त्या रात्री साच्यावर होती. त्यांचा छंद कुणी आणला? बोललो तर उद्या पोराचा दाखला अडेल, ही भीती ज्याला नाही त्याचं मौन वेगळं. ज्याला ती आहे त्याचं मौन म्हणजे होकार नव्हे, दाबलेला श्वास आहे.

सरकारी कायदा तर आणखी सोपा. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते, एवढी गणपूर्ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे लोक न येण्याचीसुद्धा सोय करून ठेवली आहे.

माझा एक सोबती चिडतो. म्हणतो, "लोकांना इचारत बसलास तर गटार पन व्हनार न्हाई आन् कमान पन. बाबासाहेबांनी काय मतं घेऊन धम्म दिला?" याचं उत्तर द्यायला पाहिजे. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात घोषणा झाली. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा. मधे एकवीस वर्षं. 1936 च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद बोलावून त्यांनी धर्मांतराची कारणं एकेक करून लोकांपुढे ठेवली, आणि शेवटी बुद्धाने आनंदाला दिलेला उपदेश सांगितला, स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा. ज्याच्या एका शब्दावर लाखो माणसं उठली असती तो माणूस एवढा वेळ कारणं सांगत बसला. आमच्या पुढाऱ्यांना एक पाळीभरही थांबवत नाही. आणि 1949 च्या त्याच भाषणात त्यांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आत्याची जीभ ज्याने धरली ती भक्तीच, आणि ती त्यांच्याच नावाने. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. मलाही ती कमान हवीच आहे.

मी पुढाऱ्यांकडे गेलो. म्हणालो, ठराव माझ्या हातचा आहे, तो मी चुकीचा लिहिलाय, बैठक परत घ्या. एकजण म्हणाला, "तू कुणाचा माणूस रे?" दुसरा मात्र आला, खुर्ची सोडून सतरंजीवर बसला. त्याचं नाव लिहीत नाही, पण तसं करायला छाती लागते. बैठक दोनदा ठेवली, रात्री आणि दुपारी साडेतीनला, म्हणजे तिन्ही पाळ्या याव्यात. प्रश्नही बदलून मांडला. कमान पाहिजे का असं नाही, आधी काय, कमान की गटार? खडे ठेवायला दोन डबे, वर फडकं टाकलेलं.

आत्यासाठी मी गटारावर तासभर बोललो. गटाराला 41 खडे पडले, कमानीला 37.

आत्या बाहेर पडताना मला म्हणाली, "माजा खडा कमानीत हाय."

मी बघतच राहिलो. "आत्या, पानी तुज्याच घरात शिरतं की!"

"पानी दरसाली येतं आन् जातं. नावाची कमान हुईस्तोवर मी हाय का न्हाई कुनाला ठावं? मला इचारलंस, मी सांगितलं."

म्हणजे तासभर मी तिच्या नावाने माझंच बोलत होतो. खुर्ची नव्हती, एवढाच फरक.

रजिस्टरात मी आकडे लिहिले, 41 आणि 37. तिला वाचून दाखवले, 37 वर तिने बोट ठेवलं. पंचायतीतल्या साहेबांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "हे आकडे कशाला? सर्वानुमते लिहा, फाइल लवकर हलते." मी पान बदललं नाही. फाइल अजून तिथेच आहे, आणि पावसाळा तोंडावर आला आहे.