सैल चिमूट

पनवेलचा एक मुलगा गिटार शिकत होता. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, हात चांगला, आणि आपला हात चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक. मोबाइलवर मेट्रोनोम लावून तो एका ठोक्यात चार सूर काढायचा. मिनिटाला 90 ठोक्यांपर्यंत सगळं लखलखीत. 120 वर, म्हणजे सेकंदाला आठ आघातांवर गेला, की नुसती खरखर. शेजारची तार उगाच वाजायची, तारा छेडायची पिक घामाने बोटांत फिरायची आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड व्हायचा.

त्याने उपाय केले, पण सगळे दुकानातले. 0.46 मिलिमीटरची पातळ पिक आणली, ती लवलवायची. 1.38 ची जाड, छोटी आणली, ती तारेत अडायची. खडबडीत पाठीची झाली, मधोमध भोक असलेली झाली, बाद झालेलं एटीएम कार्ड कापून झालं. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे सहा पेन्सच्या नाण्याने गिटार वाजवतो असं कळल्यावर रुपयाचं नाणंही तारांवर घासून झालं. आणि प्रत्येक नवी पिक तो आधीच्या पिकेपेक्षा घट्ट धरायचा.

मे महिन्यात कोळीवाड्यात मित्राच्या बहिणीची हळद होती. आगरी-कोळ्यांची हळद, म्हणजे बेंजो आलाच. 2016 साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच वाद्याचा. नाव बेंजो असलं तरी अमेरिकन बँजोशी त्याचं नातं नाही. हे आपलं बुलबुलतरंग. जपानी ताइशोगोतोचा वंशज. डाव्या हाताने टाईपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पिकेने तारा छेडायच्या. गिटारच्या क्लासला जाणाऱ्यांना तो वरातीतला गोंगाट वाटतो. आमच्या या मुलालाही वाटायचा. पण बेंजोवाल्याचा उजवा हात कधी कुणी नीट बघितलाय?

त्या रात्री मुलाने बघितला. वाजवणारे काका पन्नाशी ओलांडलेले, दिवसा रिक्षा चालवणारे. ढोलकी आणि कच्छी बाजा जीव खाऊन धावत होते, वर यांचे सूर मोजून घ्यावेत इतके सुटे. हात मात्र जागचा हलत नव्हता. हलत होतं ते मनगट, तेही जेमतेम. बोटांत पिक आहे की नाही, हेच दिसेना.

दहाला स्पीकर बंद झाला, काका घाम पुसत खुर्चीत टेकले. मुलाने धीर करून विचारलं, “काका, तुम्ही पिक धरता कशी?”

“आधी तुझी दाखव.”

त्याने पाकिटातून पिक काढली, तीन बोटांत आवळली. निम्मी बाहेर. काकांनी ओढून बघितली, निघाली नाही. मग स्वतःचा हात पुढे केला. “आता माझी ओढ.” ती अलगद निघून आली.

मुलगा हसला. “ही तर पडेल, काका!”

“सात वाजल्यापासून वाजवतोय. पडली का रं बाला?”

मग काकांनी त्याच्या बोटांवर स्वतःच पिक बसवून दिली. तर्जनी वाकवायची. पिक बोटाच्या टोकावर नाही, पहिल्या पेराच्या कडेवर ठेवायची. वरून अंगठा आडवा, नुसता टेकवायचा. बाहेर टोक राहील ते अक्षतेच्या दाण्याएवढं. पिक किंचित तिरपी, म्हणजे तारेवरून कडेने घसरते, आडवी आपटत नाही. आणि एकदा खाली, एकदा वर. परत येतानाचा फेरा फुकट घालवायचा नाही.

यामागचं यंत्रशास्त्र साधं आहे. टोक जितकं लांब बाहेर, तितका तरफेचा दांडा लांब; तार त्या पिकेला तितक्याच जोराने पिळते. पिळली की बोटं आवळतात, बोटं आवळली की मनगट जखडतं, आणि जखडलेलं मनगट वेगात फिरत नाही. टोक आखूड ठेवलं की तारेला पिळायला काही उरतच नाही, मग घट्ट धरायची गरजही संपते. मुलगा आजवर जाडीचे पैसे मोजत होता. दुखणं लांबीत होतं.

घरी आल्यावर मात्र त्याची निराशा झाली. तशी धरून वाजवलं तर आवाज मेला. आठवड्याने त्याने काकांना रिक्षा स्टँडवर गाठलं. “आवाजच येत नाही, काका.”

“तुझी गिटार विजेवरची ना? मग आवाज वाढवायला अँप्लिफायर हाय. त्याचं काम हाताला कशाला लावतोस?” एवढं बोलून काकांनी खांदेश्वरचं भाडं घेतलं आणि गेले.

मुलगा 60 ठोक्यांवर उतरला. एवढ्या हळू वाजवायची त्याला लाज वाटायची, म्हणून दार लावून बसायचा. पिक दोन-चारदा पडलीही. गणपतीपर्यंत 120 स्वच्छ झालं. तेव्हा लगेच हुरळून त्याने 150 लावलं, आणि दगड पुन्हा हातात आला. बघतो तर टोक परत निम्मं बाहेर. या वेळी तो दुकानात गेला नाही. मेट्रोनोम खाली आणला.

तुम्ही गिटार, मेंडोलिन, काहीही पिकेने वाजवत असाल, तर आज वाजवता वाजवता मध्येच थांबा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या बोटांतली पिक ओढायला सांगा. अलगद निघाली तर पुढे चला. नाही निघाली, तर वेग दहा ठोक्यांनी उतरवा आणि टोक आत घ्या.