वीज कोणावर पडते

पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं आभाळ गडगडायला लागलं की उघड्यावर थांबू नये. काही भागांत मामा-भाच्यांनीही विजा चमकताना जवळजवळ उभं राहू नये म्हणतात. कंसाच्या हातून निसटून वीज होऊन आभाळात गेलेली त्याची भाची म्हणे अजून मामाला शोधते आहे. या समजुती खोट्या आहेत हे सांगण्यात फारसं शौर्य नाही. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र खरा आहे. एवढ्या मोठ्या शिवारात वीज याच माणसावर का पडली? लोकांनी उत्तर शोधलं ते त्याच्या जन्मात आणि नात्यात. मला ते त्याच्या रोजगारात सापडतं, पण तिथवर पोचायचं तर आधी ढगात डोकवावं लागेल.

वळवाचा ढग बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. तापलेली दमट हवा जोरानं वर जाते, तिच्याबरोबर पाणीही वर जातं आणि गोठतं. ढगाच्या मधल्या थरात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारेआधीचे जरा जड, मऊ कण एकमेकांवर आदळत राहतात. या टकरींत बहुतेक वेळा हलक्या स्फटिकांवर धन प्रभार येतो, जड कणांवर ऋण. हलके वर उडतात, जड खालीच रेंगाळतात, आणि ढगाची वर धन, खाली ऋण अशी फाळणी होते. यासाठी हवेची उसळी जोरकस लागते. म्हणूनच आषाढातली संततधार दिवसचे दिवस कोसळूनही बहुतांशी मुकी असते, आणि मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस अर्ध्या तासात आभाळ फाडून जातो.

यापुढचं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. वीज ढगातून निघते तेव्हा तिला पत्ता ठाऊक नसतो. साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी ऋण प्रभाराची एक वाट खाली उतरत येते. प्रत्येक टप्प्याला ती निमिषभर अडखळते, वळते, फाटे फोडते. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलासारखी. जमिनीपासून शंभरेक मीटरवर येईपर्यंत खाली झाड आहे की माणूस, याचा तिच्या दिशेवर जवळपास काही परिणाम होत नाही. मग मात्र जमिनीवरच्या उंच, टोकदार गोष्टींतून, म्हणजे बाभळीच्या शेंड्यातून, खांबातून, उभ्या माणसाच्या डोक्यातून, धन प्रभाराचे तंतू वर उठू लागतात. त्यांतला जो आधी भिडेल त्याच्यातून वाट पूर्ण होते. तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह त्या वाटेनं धावतो. (घरातल्या दिव्याला एक अँपिअरसुद्धा लागत नाही.) वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि स्फोट व्हावा तशी फाकते. तो स्फोट म्हणजेच मेघगर्जना. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असल्यामुळे तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून. म्हणून दूरची वीज एकदाच न वाजता गडगडत राहते.

लहानपणी आपण सगळ्यांनी लखलखाट आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजले आहेत. आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद लागतात, तेव्हा गणित बरोबरच असतं. पण त्यावरून ‘अजून लांब आहे’ असा जो निष्कर्ष आपण काढतो, तो घातक आहे. गडगडाट फार तर पंधराएक किलोमीटरवरून ऐकू येतो, आणि ढगाच्या कडेनं निघालेली वीज पावसापासून तेवढ्याच अंतरावर, डोक्यावर ऊन असतानाही, पडू शकते. आवाज कानावर आला याचाच अर्थ आपण तिच्या आवाक्यात आहोत. शेतात मात्र काम थांबतं ते पावसाचे टपोरे थेंब पडायला लागल्यावर. थेंबांनी सोयाबीन भिजतं, विजेनं भिजत नाही.

आता झाडाखाली जाऊ, कारण माणसं तिथंच मरतात. माणसाच्या डोक्यावर थेट पडणारी वीज ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे. मृत्यूंपैकी जेमतेम काही टक्के तसे घडतात. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना बाजूच्या माणसावर उडी मारते, कारण ओलं, खारट रक्त भरलेलं शरीर तिला लाकडापेक्षा सोपं जातं. आणि सर्वांत जास्त बळी घेते ती जमिनीतून पसरत जाणारी वीज. प्रवाह झाडाच्या बुंध्याशी जमिनीत शिरतो आणि चहूकडे फाकतो. माणसाच्या दोन पावलांत जेवढं अंतर, तेवढा दोन्ही पावलांखालच्या विद्युतदाबात फरक. मग प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. गाईबैलांचं आणखी वाईट, कारण त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि मध्ये हृदय असतं. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर ऑगस्ट २०१६मध्ये एका वादळात ३२३ रेनडियर मेलेले सापडले, ते याच रीतीनं. वादळात ते एकमेकांना खेटून उभे राहिले होते.

आपल्याकडच्या बायकाही खेटूनच उभ्या राहतात. ऑक्टोबरात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची सोंगणी चालू असते. काम बहुतेक उक्तं, एकराच्या भावानं. आठ-दहा बायकांची टोळी सकाळी उतरते. दिवस मावळायच्या आत तुकडा उरकला तर हजेरीपेक्षा बरे पैसे हातात पडतात. आभाळ भरून येतं ते दुपारी तीन-चारला, म्हणजे काम ऐन रंगात असताना. गावठाण दोन किलोमीटरवर, बांधावर एकच लिंब किंवा बाभूळ. डबे, पाण्याच्या कळशा, कुणाचं तान्हं मूल आधीपासून त्याच झाडाखाली. दुसऱ्या दिवशी बातमी येते: झाडाचा आसरा घेतला आणि वीज कोसळली. त्या आसऱ्याखेरीज दुसरा कोणता होता, हे बातमीत नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. अमेरिकेत १९४०च्या दशकात वर्षाला तीनशेहून अधिक मरत. आज लोकसंख्या दुपटीहून जास्त होऊनही आकडा विसाच्या आसपास आला आहे. हवामानाचे अंदाज सुधारले, उपचार सुधारले, हे खरंच. पण मोठं कारण वेगळं आहे. शेतावर राबणारी माणसं कमी झाली, आणि उरली त्यांच्या घरांच्या भिंतींत वीजतारा आणि नळांचे पाइप आले, जे घरावर पडलेल्या विजेला माणसाला टाळून जमिनीत नेतात. त्यांच्या पूर्वजांहून ते काही जास्त शहाणे झाले असं नाही. ते आत गेले.

हे लक्षात आलं की सुरक्षिततेच्या सूचनापत्रकांकडे बघण्याची दृष्टी बदलते. सूचना चुकीच्या नाहीत. पक्क्या इमारतीत जा. ती नसेल तर पत्र्याचं छत असलेल्या बंद मोटारीत बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. घरात असाल तर नळाला आणि तारेच्या फोनला हात लावू नका. सगळं बरोबर. प्रत्येक वाक्यात मात्र एक इमारत किंवा मोटार गृहीत आहे. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांच्यासाठी पत्रकाच्या शेवटी एक चित्र असतं: पाय जुळवून उकिडवं बसलेला, कानांवर हात घेतलेला माणूस. अमेरिकेच्या हवामान खात्यानं २००८ साली हे चित्र मागे घेतलं. त्या बैठकीनं मिळणारं संरक्षण इतकं तोकडं की तिच्या भरवशावर माणसं आडोशाकडे पळायची राहतात, असं त्यांचं म्हणणं. तर्क बिनतोड आहे, पण तो पळण्यासाठी जवळ आडोसा असलेल्या देशातला. आपल्याकडे ते चित्र अजून आहे. ते असावं असंच मी म्हणेन. टोळीतल्या बायकांनी झाडापासून दूर, एकमेकींत अंतर ठेवून, पाय जुळवून बसणं हे झाडाखाली गर्दी करण्यापेक्षा नक्कीच बरं. फक्त त्याला सुरक्षितता म्हणू नये.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलं आहे. आपल्या आसपास वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत गेल्या काही मिनिटांत कुठं विजा पडल्या हे ते दाखवतं. काम उत्तम आहे. गावांत वीज अटकाव यंत्रंही बसतात. ती वीज ओढून घेत नाहीत किंवा परतवतही नाहीत, आलीच तर तिला जाड तारेनं जमिनीत उतरवतात. बसतात ती बहुधा शाळेच्या किंवा सरकारी कचेरीच्या छतावर, आणि राखतात ती इमारत आणि भोवतालची थोडी जागा. शिवार त्याबाहेर राहतं. मृत्यूनंतर पंचनामा होतो, वारसांना राज्य सरकारकडून चार लाख रुपये मिळतात. म्हणजे विजेपायी खर्चायला पैसा नाही, असंही म्हणता येत नाही.

वीज लागलेला प्रत्येक माणूस मरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच हात लावता येतो. हृदय थांबलं असेल तर छातीच्या मधोमध दाब देत राहिल्यानं ते पुन्हा सुरू होऊ शकतं. छत्तीसगडात काही ठिकाणी अशा माणसाला अंगातली वीज उतरावी म्हणून शेणात गळ्यापर्यंत पुरतात, आणि वाचायची मिनिटं त्यात जातात.

राहिला आडोसा. प्रत्येक बांधावर खोली बांधा असं म्हणणं सोपं आहे, होणं अवघड, आणि नुसती चार खांबांवरची पत्र्याची शेड वीज अडवत नाही. पण १८३६ साली मायकेल फॅरडे धातूनं मढवलेल्या खोलीत जाऊन बसला आणि बाहेर ठिणग्या उडत असताना आत काही पोचत नाही हे त्यानं दाखवलं. तसली खोली आपल्या शेतांवर रोज येते. टोळीला सकाळी आणून सोडणारी ती लोखंडी टपाची काळी-पिवळी गाडी. माणसांना वाचवतो तो तिचा टप, टायर नव्हे. ती सकाळी नऊला रिकामी होऊन दुसऱ्या भाड्याला जाते आणि सहाला परत येते. सोंगणीच्या पंधरा-वीस दिवसांत, आभाळ धरलेलं असेल त्या दुपारी, दोन ते सहा तिनं बांधावर उभं राहायचं म्हटलं तर बुडतं ते दोन-तीन फेऱ्यांचं भाडं. मालकानं द्यायचं, मुकादमानं एकराच्या भावात धरायचं, की ग्रामपंचायतीनं आपत्तीच्या निधीतून, हे ठरवायला ढगांचं ज्ञान लागत नाही.