पहिलं पाणी

भंडाऱ्याची मावसबहीण दर उन्हाळ्यात लाखोळीची डाळ पाठवते. आज सकाळी वड्यांसाठी ती भिजत घातली आणि आजी आठवली. आजी कढत पाण्यात डाळ भिजवायची, पाणी पिवळसर झालं की मोरीत ओतायची, मगच डाळ पाट्यावर. "काहून?" विचारलं की म्हणायची, "तिचं पहिलं पाणी पोटात जाऊ देऊ नये, बाप्पा."

त्या पाण्यात ओडॅप असतं, मज्जासंस्थेला बाधणारं विष. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या शास्त्रज्ञांनी ते १९६४ साली लाखोळीतून वेगळं काढलं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून भिजवून पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं. आजीला ओडॅप ठाऊक नव्हतं, मोरी ठाऊक होती.

बाधलेल्या माणसाचे गुडघे ताठतात, तो चवड्यांवर चालू लागतो, पाय कात्रीसारखे एकमेकांवर पडतात, मग काठी येते. काठी आली की ती सहसा सुटत नाही. आयुर्वेदात या दुखण्याला कलायखंज म्हणतात, म्हणजे ओळख आजची नाही. १८३०च्या आसपास मध्य प्रदेशातल्या सागरकडे गव्हाची पिकं बुडाली, शेतात लाखोळी तेवढी तगली, लोकांनी तीच खाल्ली आणि तरणीताठी माणसं लंगडी झाली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ते लिहून ठेवलंय. तगून राहण्याच्या याच गुणामुळे आपल्याकडे धानाच्या बांधीत, धान उभं असतानाच लाखोळी फेकतात. उरलेल्या ओलीवर ती येते, वर पाऊस मागत नाही. दुष्काळात जगवणारं पीक तेच, आणि पायांतलं बळ नेणारंही तेच.

विषतज्ज्ञाला 'ही डाळ विषारी आहे का?' असं विचारलं तर तो हो-नाही म्हणत नाही, उलट विचारत बसतो. किती खाता? किती दिवस? सोबत ताटात आणखी काय असतं? मला या तिसऱ्या प्रश्नाचं फार वाटतं. आठवड्याला चार वडे खाणाऱ्या माझं काही बिघडत नाही. दोन-तीन महिने सकाळ-संध्याकाळ हीच डाळ ज्याच्या पोटात जाते, त्याचं बिघडतं. रीवा-सतना भागात वेठीच्या गड्यांना मजुरीच या डाळीची मिळायची. त्यांच्या ताटात सोबत दुसरं काय असणार?

१९६१ साली केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले. गरिबाची स्वस्त डाळ हिरावू नका, हे त्यांचं म्हणणं. २००८ साली महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरती बंदी उठवली. मी पूर्णपणे कोठारींच्या बाजूची नाही, गेलेले पाय परत येत नाहीत. पण नुसती डाळ बंद करून त्या गड्याच्या ताटात काय पडलं असतं, याचं उत्तर बंदीवाल्यांकडेही मला सापडलं नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने कमी ओडॅपचं 'महातिवडा' वाण काढलं, ते मात्र मला कामाचं वाटतं.

मुलगी स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकावली. "हीच ना ती बंदीची डाळ?"

"हो. सरक जरा, पाणी ओतायचंय."