शेजारधर्माची कसोटी

संकटकाळी शेजाऱ्याला सोडून जाणे हे पाप आहे काय? आपला जीव ही परमेश्वराने दिलेली ठेव आहे आणि ती जपणे हे कर्तव्यच आहे. मग मरण दारात उभे असता तेथेच थांबणे, याला श्रद्धा म्हणावे की हट्ट?

‘ऑफ गॉड्स अँड मेन’ (२०१०) या फ्रेंच चित्रपटाचा गाभा हाच प्रश्न आहे. अल्जीरियातील तिभिरिन येथे ट्रॅपिस्ट मठवासी मुसलमान खेडुतांमध्ये राहत. वृद्ध बंधू ल्यूक गावकऱ्यांना औषधपाणी करीत. दहशत वाढली तेव्हा मठवासी भ्याले, आपसांत वादही झाले. अखेर ते राहिले. मार्च १९९६ मध्ये सात जणांना पळवून नेण्यात आले व मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची वार्ता आली. ख्रिस्तसभेने ८ डिसेंबर २०१८ रोजी त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

संकटात पळून जाणे पाप नव्हे. छळ झाल्यास दुसऱ्या गावी जा, असे प्रभू येशूनेच शिष्यांना सांगितले होते. परंतु गावकऱ्यांना जाण्यास ठिकाण नव्हते. त्यांना एकटे टाकणे मठवाशांच्या मनाला पटेना. मठप्रमुख ख्रिस्तियान द शेर्जे यांना तर एक ऋण ठाऊक होते. तरुणपणी सैन्यात असताना मोहम्मद नावाच्या मुसलमान मित्राने त्यांना वाचविले होते आणि त्यापायी त्या मित्राचा खून झाला होता.

अशी माणसे आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातही आहेत. रझाकारांच्या जुलमानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई झाली. पाठोपाठ नांदेड-लातूर भागात सूडाचा वणवा पेटला. एकट्या लातुरात हजारावर मुसलमान मारले गेल्याचे पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले. त्याच समितीने संस्थानातील आणखी एक गोष्ट नमूद केली आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी प्राणही वेचले.

त्या विणकरांना हे बळ कोठून लाभले? बहुधा शेजारी-शेजारी चाललेल्या मागांतून, रोजच्या सुखदुःखातून. तिभिरिनचा दवाखानाही असाच रोजचा होता. वणवा पेटल्यावर शेजारी जोडता येत नाही. तो आधीच जोडलेला असावा लागतो.

दयाळू शोमरोनी परधर्मीय होता, मोहम्मद मुसलमान होता, विणकर हिंदू होते. ख्रिस्ताची आज्ञा त्यांनी पाळली. आपल्या आळीतील मुसलमान घराचा उंबरठा आपण शेवटचा कधी ओलांडला, हे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने स्वतःला विचारावे.