वाटणी
घरच्या वाटणीची बोलणी चालली होती, तेव्हा मी माळ्यावरच्या जुन्या संगणकाच्या मॉनिटरला व्हिडिओ कॅमेरा जोडत बसलो होतो. मॉनिटरला लाल, हिरवा, निळा अशा वेगळ्या तारा हव्यात. कॅमेऱ्याची तार एकच, तिच्यात उजेड आणि रंग मिसळलेले. म्हणून मध्ये डिकोडर बसवला आणि वहिनींना समोर बसवले. तो काय! त्यांच्या बारीक रेघांच्या काळ्यापांढऱ्या लुगड्यावर इंद्रधनुष्य थरथरू लागले. पाल पद्धतीत रंग सेकंदाला सुमारे ४४ लाख कंपनांच्या लहरीवरून येतो. रेघांची कंपनेही तेवढीच भरली, आणि डिकोडर फसला. गाळणी लावली, तर रंग गेले, पण रेघाही पुसल्या.

दादांचा पगार, वहिनींचे कष्ट, माझे शिक्षण : तीस वर्षे सारे एकाच तारेतून वाहिले. आता कोणाचे किती, हे पंच निवडणार. ते लबाड नव्हेत. अंदाजच करणार बिचारे. पण अंदाजाला न्याय म्हणून त्यावर सही करावी काय?

"भावजी," वहिनी हसून म्हणाल्या, "पडद्यात काय शोधता? लुगडं इथंच आहे की!"

कागद अजून माझ्या खणातच आहे.