प्रजासत्ताकाचा संकल्प

२६ जानेवारीला गावोगाव झेंडावंदन होते, मुलांना खाऊ मिळतो, दोनचार भाषणे होतात आणि ऊन चढायच्या आत मैदान रिकामे होते. उत्सव गोड आहे, तो व्हावाच. परंतु आम्हांस दरवर्षी एक प्रश्न पडतो. या दिवशी आपण झालेल्या गोष्टीचा आनंद करतो, की करावयाच्या गोष्टीचे स्मरण करतो?

ही तारीख कशी ठरली ते पाहा. संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. पण ती पुरी अमलात आली दोन महिन्यांनी. कारण २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी जमून पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती. तेव्हा हाती स्वराज्य नव्हते. होता तो फक्त निश्चय. म्हणजे हा दिवस मुळात मिळाल्याचा नव्हे, ठरवल्याचा आहे. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर संकल्पाचा आहे.

घटनेच्या उद्देशिकेत भारताचे लोक ही घटना स्वतःलाच अर्पण करतात. येथे एखादा शास्त्री शंका घेईल, की दानात आपले स्वत्व सुटावे लागते आणि दुसऱ्याचे उत्पन्न व्हावे लागते; देणारा आणि घेणारा एकच असेल तर हे दान कसले? शंका रास्त आहे. हे दान नव्हेच. माणूस जे स्वतःला देतो त्याला व्रत म्हणावे. दान दिले की देणारा मोकळा होतो, व्रत घेतले की घेणारा बांधला जातो. दोहोंत एवढा भेद आहे.

बरे, पण व्रत घेतले त्यांनी. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग ते आपल्याला का बांधावे? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. वडिलांचे शेत घेतो त्याने वडिलांचे देणेही घ्यावे, असे धर्मशास्त्र सांगते. शेत माझे अन् कर्ज बापाचे, हे चालत नाही! प्रजासत्ताकाचे पीक आपण रोज खातो. कारखानदाराला एक मत आणि त्याच्या दारातल्या झाडूवाल्यालाही एकच. सून सासूला न विचारता आपले मत देऊ शकते. हे पीक गोड लागते ना? मग देणे कोणते, तेही विचारले पाहिजे.

ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वच्छ सांगून ठेवले आहे. राजकारणात समता आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता, हा विरोध फार दिवस राहिला तर उभारलेली इमारत टिकणार नाही, असा त्यांचा इशारा होता. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरचा रंग ठरतील, हेही त्यांनी बजावले.

घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. पंढरीत मात्र हा प्रश्न त्याआधीच येऊन उभा राहिला होता. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तेथे उपोषण केले आणि त्याच वर्षी दरवाजा उघडला. दरवाजा उघडला, पण वाळवंटाचे काय? मैला हाताने उचलण्याचे काम माणसाला लावू नये, असा कायदा १९९३ मध्ये झाला, आणखी कडक असा २०१३ मध्ये झाला. तरी २०१४ मध्ये चंद्रभागेच्या वाळवंटातील घाणीचा आणि ती उपसणाऱ्या माणसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे होता. ज्या वाळवंटात एकमेकांच्या पायी डोके ठेवायचे, तेथेच पहाटे कुणा भावाने आपली घाण उचलायची? ज्याच्या पाया पडलो त्यालाच हे काम ठेवले, तर ते पाया पडणे खरे कसे मानावे?

आता वारीच्या वाटेवर फिरती शौचालये आली आहेत, हे फार बरे झाले. पण सोय सरकार करील, ती वापरण्याची शिस्त सरकार कोठून आणणार? ती दिंडीने आणावयाची. शहरातल्या मंडळींनीही ध्यानात घ्यावे. इमारतीची टाकी तुंबली की कुणाला तरी चार पैसे जास्त देऊन आत उतरवतात. विषारी वायूने माणूस जातो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. तेथे हात आडवा करून ‘यंत्र येईपर्यंत थांबू, माणूस उतरणार नाही’ असे म्हणणे, हे त्या दिवसापुरते प्रजासत्ताकाचे पालन झाले.

पंचाहत्तर वर्षांत काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सर्व झाले म्हणणे खोटेपणाचे होईल. इतर व्रतांना उद्यापन असते. ब्राह्मणभोजन घातले की सुटका. वारीला उद्यापन नाही. पाय चालतात तोवर चालायचे आणि मग मुलाच्या खांद्यावर पताका द्यायची. प्रजासत्ताकाचे व्रत या जातीचे आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या नातवंडांच्या हाती हा झेंडा जाईल तेव्हा या देशात मैला काढायला कुणी माणूस उतरत नसावा, एवढी आशा धरून येत्या २६ जानेवारीला मैदानात उभे राहावे.