टॅक्टिकली बरोबर

धुळ्याहून दोंडाईच्याला येताना वाटेत चिमठाणे लागतं. याच भागात १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला इंग्रज सरकारचा खजिना लुटला गेला. सुमारे साडेपाच लाख रुपये. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांना साथ देणारी खानदेशातली माणसं. पैसा भूमिगत चळवळीसाठी होता.

मागे एकदा मोटारसायकलवरून तिथून जाताना मित्र म्हणाला, "तसा दरोडाच, पण टॅक्टिकली बरोबर होता."

मला तो शब्द टोचला. कारण तो मीही वापरलाय.

तीन वर्षांपूर्वी मी एका मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहायचो. बाया दिवसभर बसून लाल मिरचीचे देठ खुडायच्या आणि किलोवर मजुरी घ्यायच्या. तिखटाने हात भाजायचे, घरी गेल्यावर लेकराला उचलायची सोय नाही. एका मावशीने मला बाजूला घेऊन सांगितलं की काटा कमी दाखवतो. मला ते माहीत होतं. मी म्हणालो, "आत्ता बोललो तर मलाच काढतील, मग तुमच्या बाजूने कोण राहील? हंगाम संपताना हिशेब होईल, तेव्हा बोलतो." रूमवर येऊन मित्राला सांगितलं, टॅक्टिकली गप्प बसलोय. तो म्हणाला, शहाणपणा केलास.

मावशीने एवढंच विचारलं होतं, "मंग कव्हय बोलशी भाऊ?"

हा शब्द मुळात ग्रीक, सैन्य रांगेत लावण्याच्या कलेवरून आलेला. आपल्याकडे कुस्तीतून आलेला डावपेच आहे, शिवाय गनिमी कावा. गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत, आणि तेच नाव आपण अभिमानाने मिरवतो. गंमत आहे. पण मराठीत 'डावपेच म्हणून गप्प बसलो' असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. 'टॅक्टिकली' म्हणताना अडखळत नाही. 'बरोबर'च्या आधी तो शब्द लावला की नेमकं किती बरोबर, हे कोणी विचारत नाही.

मग मी स्वतःला पुरंदरचा तह सांगायचो. १६६५ साली शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले, वर विजापूरवरच्या मोहिमेत मोगलांना साथ दिली. त्या दिवशी बघणाऱ्याला ती शरणागतीच वाटली असेल. १६७० मध्ये सिंहगड परत आला, पाठोपाठ इतर किल्लेही, तेव्हा कुठे त्या माघारीला डाव म्हणता आलं. म्हणजे हा शब्द नंतर मिळवायचा असतो. मी तो आधीच उचल घेतल्यासारखा घेतला होता.

आणि एक फरक मला फार उशिरा दिसला. चिमठाण्याला ज्यांनी डाव टाकला, त्यांचीच मान धोक्यात होती. पकडले गेले असते तर तेच गेले असते. माझ्या गप्प बसण्याची किंमत मात्र मी भरत नव्हतो. ती रोज संध्याकाळी मावशीच्या मजुरीतून वजा होत होती, आणि वहीत ती कमी मजुरी माझ्याच अक्षरात लिहिली जात होती. हे कोणी आपल्यासाठी कोर्टात सिद्ध करायला लागत नाही.

अर्थात, बोललो असतो तर काढलंच असतं, यात शंका नाही. घरी माझ्याच पगारावर चूल होती. ती अडचण खरी होती. फक्त तिला भीती म्हणायला हवं होतं. भीती म्हटलं असतं तर मावशीला निदान कळलं असतं की या पोरावर विसंबून चालणार नाही, दुसरं कोणीतरी बघावं. मी तिला वाट बघायला लावलं.

हंगाम संपला. हिशेब झाला. मी बोललो नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही, मीही दुसरीकडे लागलो.

परवा कामानिमित्त त्याच पथारीवर गेलो होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं, तेव्हा पाच किलोचं माप काट्यावर ठेवलं. चार किलो सातशे ग्रॅम. मोबाइलवर फोटो काढला. अजून कोणाला पाठवलेला नाही.